नवा स्पार्क प्लग टाकूनही मिसिंग परत येते? दोष शोधणे, योग्य प्लग निवडणे आणि नीट बसवणे

मिसिंगची, म्हणजे मधूनमधून सिलिंडरमधले मिश्रण न पेटून इंजिन अडखळण्याची, तक्रार ठरलेली असते. थंड इंजिन चालू व्हायला वेळ लागतो, चढावर किंवा एकदम रेस दिली की गाडी झटके मारते, आयडलिंगला थरथरते, पेट्रोल जास्त खाते. प्लग बदलला की सगळे सुरळीत होते आणि काही आठवड्यांत पुन्हा तेच. मग पुन्हा नवा प्लग, कधी आधीपेक्षा महाग, कधी दुसऱ्या कंपनीचा.

अशा वेळी प्रश्न दोनच असतात. बसवलेला प्लग त्या इंजिनासाठीचा आहे का आणि तो नीट घट्ट झाला आहे का, हा पहिला. तो बरोबर असूनही दर वेळी कशामुळे खराब होतो, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे बहुतेक वेळा काढलेल्या प्लगच्या टोकावर दिसतात. म्हणून नवा आणण्याआधी जुना नीट पाहायचा, आणि इंजिनात एकाहून जास्त सिलिंडर असतील तर कोणता प्लग कुठल्या सिलिंडरचा हे काढतानाच लिहून ठेवायचे. चारही प्लग एका डबीत गोळा केले की अर्धी माहिती तिथेच गेली.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. प्लग इंजिनाची ताकद वाढवत नाही. चुकीच्या किंवा झिजलेल्या प्लगमुळे गेलेली ताकद योग्य प्लग परत आणतो, एवढेच. चांगल्या स्थितीतला योग्य प्लग काढून इरिडियमचा टाकला तर पिकअपमध्ये मोठा फरक पडत नाही. फरक जाणवला तर आधीचा प्लग संपत आला होता, असे समजायला हरकत नाही.

नवा प्लग काही दिवस का चालतो

प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडभोवती पांढऱ्या सिरॅमिकचा, वीज अडवणारा इन्सुलेटर असतो. कॉइलमधून हजारो व्होल्ट येतात, आणि व्होल्टेज गॅप, म्हणजे मधल्या आणि बाजूच्या इलेक्ट्रोडमधली फट, ओलांडण्याइतके चढेपर्यंत विजेला दुसरी वाट मिळता कामा नये. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज वाहते. इन्सुलेटरच्या टोकावर काजळीचा सलग थर बसला की वीज त्या थरावरून प्लगच्या लोखंडी अंगात उतरते, व्होल्टेज चढतच नाही आणि ठिणगी पडत नाही. कॉइल चांगली असली तरी हेच होते. नव्या प्लगचा इन्सुलेटर कोरा असतो, म्हणून थर साचेपर्यंत तो चालतो. मूळ दोष मात्र जागच्या जागी असतो.

हा थर जाळून टाकायची सोय प्लगमध्येच आहे. टोकाचे तापमान साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की कार्बन जळून जातो. उलट ते ८५० ते ९५० अंशांपर्यंत चढले तर टोक इतके लाल होते की ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटते, आणि मग पिस्टन वितळून भोक पडण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. प्लगचे टोक या दोन मर्यादांच्या मध्ये राहिले पाहिजे. पुढचे सगळे, म्हणजे हीट रेंज (प्लग उष्णता किती वेगाने सोडतो), टॉर्क (आवळण्याचा जोर), मिश्रण, यासाठीच आहे.

यातून एक साधे कारण लगेच समजते. रोज एक-दोन किलोमीटर चालवून बंद होणारी गाडी ४५० अंशांपर्यंत पोहोचतच नाही, आणि थंड इंजिनाला मिश्रण मुद्दाम घट्ट, म्हणजे जास्त पेट्रोलचे, दिलेले असते. अशा गाडीत काहीच बिघाड नसतानाही प्लग काळा होतो. तिला आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग, मध्यम वेगाने चालवणे हा खरा उपाय आहे.

जुना प्लग वाचणे

आयडलिंगवर दहा मिनिटे उभी असलेली गाडी बंद करून प्लग काढला तर तो काळसरच दिसेल. त्यावरून काही ठरवू नका. गाडी १५ ते २० मिनिटे रस्त्यावर चालवा, चालत्या भारावरून थेट बंद करा, इंजिन थंड होऊ द्या आणि मग प्लग काढा.

टोक फिकट तपकिरी किंवा करडे, कडा शाबूत: हा निरोगी प्लग. सध्याच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत रंग जवळजवळ पांढरट दिसणेही सामान्य आहे. नुसत्या पांढरेपणावरून मिश्रण पातळ असल्याचा निष्कर्ष काढणे चूक ठरते. त्यासोबत इन्सुलेटरवर फोड, चमकणारे बारीक मणी किंवा झिजून गोल झालेले इलेक्ट्रोड दिसले तरच जास्त उष्णतेचा संशय घ्या.

कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी, बोटाला लागणारी: मिश्रणात पेट्रोल जास्त आहे, ठिणगी कमजोर आहे किंवा प्लग गरजेपेक्षा थंड आहे. सगळ्यात आधी एअर फिल्टर पाहा. नुसता धुळीने भरलेला नव्हे, इंजिनाच्या ब्रीदर नळीतून आलेल्या ऑइलने भिजलेला फिल्टरही हवा अडवतो. कार्ब्युरेटर असेल तर चोक पूर्ण उघडतो का, फ्लोटची सुई नीट बंद होते का, जेटची सुई झिजून भोक मोठे झाले आहे का, हे क्रमाने बघायचे. इंजेक्शनच्या गाडीत इंजिन तापमानाचा सेन्सर बिघडून सतत 'थंड' सांगत असेल तर ईसीयू (इंजिनाचा संगणक) दिवसभर पेट्रोल वाढवून देतो. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तरी परिणाम तोच, कारण इंजिन खरोखरच गरम होत नाही. चारपैकी एकच प्लग काळा असेल तर मात्र फिल्टर आणि सेन्सर सोडून द्या. त्यांचा परिणाम चारही सिलिंडरवर होतो. एकट्या काळ्या प्लगसाठी त्या सिलिंडरचा गळका इंजेक्टर, त्याची कॉइल किंवा कमी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) शोधा.

ओला, पेट्रोलचा वास येणारा प्लग म्हणजे तिथे ठिणगीच पडलेली नाही किंवा इंजिन ओव्हरफ्लो झाले आहे. हा प्लग लगेच फेकू नका. वाळवून, ठिणगी तपासून मग ठरवा.

ओला, काळा आणि चिकट, बोटावर ऑइलचा तवंग: इथे लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. ऑइल टोकावर आहे की आट्यांवर आणि वरच्या अंगावर, हे आधी पाहा. प्लगच्या खोल विहिरीत ऑइल साचले असेल तर ते व्हॉल्व्ह कव्हरच्या आतल्या सीलमधून गळते आहे. सिलिंडरशी त्याचा संबंध नाही. सील बदलायचे आणि प्लगवर बसणारा, ऑइलने फुगलेला रबरी बूटही बदलायचा. टोकावरच ऑइल असेल तर ते पिस्टनच्या रिंगमधून किंवा व्हॉल्व्ह सीलमधून येते. रिंग गेल्या असतील तर रेस दिल्यावर, भारावर निळा धूर येतो. व्हॉल्व्ह सील गेले असतील तर रात्रभर उभी राहिलेली गाडी चालू करताना किंवा लांब उतारावरून आल्यावर रेस देताच निळ्या धुराचा लोट येतो आणि मग कमी होतो.

खात्री करायला कॉम्प्रेशन तपासा. सगळे प्लग काढा, इंधन आणि इग्निशन तोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा आणि गेजचा काटा वाढायचा थांबेपर्यंत स्टार्टर फिरवा. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वाढला तर रिंग किंवा बोअर, जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. असे इंजिन दुरुस्त होईपर्यंत एक पायरी गरम प्लग टाकून दिवस ढकलता येतात, पण ती तात्पुरती सोय आहे आणि भारावर सतत चालणाऱ्या गाडीत ती करू नये.

बाकी तीन काळसर-तपकिरी आणि एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ, शिवाय कूलंट दर महिन्याला कमी होते आहे: त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरते. हेड गॅस्केट तपासा, प्लगचा विचार नंतर.

इन्सुलेटरचे टोक तडकलेले किंवा तुकडा उडालेला असेल तर इंजिन नॉकिंग करत होते (मिश्रण धक्क्याने, अवेळी पेटत होते) किंवा गॅप लावताना हत्यार मधल्या इलेक्ट्रोडवर दाबले गेले होते. उडालेला तुकडा सिलिंडरमध्ये गेला नाही ना, हे बोअरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) पाहिल्याशिवाय इंजिन फिरवू नका.

प्लगच्या वरच्या पांढऱ्या भागाकडेही बघा. लोखंडी अंगाला लागून तपकिरी वलय असते, त्याला बरेच जण गॅसची गळती समजतात. ते उच्च व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण चिकटून पडलेले डाग असतात आणि निरुपद्रवी असतात. मात्र वरपासून खालपर्यंत उभी, पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ठिणगी आत न पडता बाहेरूनच उडी मारत होती. अशा वेळी प्लग आणि बूट दोन्ही एकदम बदला. जुन्या बुटाच्या आतही तशीच कार्बनची रेघ असते आणि ती नव्या प्लगवर थोड्याच दिवसांत पुन्हा वाट पाडते. 'नवा प्लग पंधरा दिवस टिकतो' या तक्रारीमागे हे कारण आश्चर्य वाटेल इतक्या वेळा निघते.

प्लग बरोबर असेल तर ठिणगीचा मार्ग तपासा

चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर कोड वाचा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात, आणि पी०३०० म्हणजे ठरावीक सिलिंडर नाही, कुठेही होते आहे. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर काम सोपे आहे: संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा, कोड पुसा, गाडी चालवा. कोड कॉइलसोबत सरकला तर कॉइल दोषी. सरकला नाही तर आता प्लग हलवा, मग इंजेक्टर. एका वेळी एकच वस्तू हलवायची. दोन्ही एकदम हलवले तर दोष कोणासोबत गेला हे कळणार नाही. तिन्ही हलवूनही कोड तिथेच राहिला तर कॉम्प्रेशन आणि वायरिंग उरते.

दिवा सतत लागून न राहता लुकलुकत असेल तर गाडी पुढे रेटू नका. न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळते आणि तो आतून वितळतो. त्याच्या तुलनेत प्लग आणि कॉइलचा खर्च काहीच नाही.

दुचाकीत प्लगवरची कॅप सुटी करून मल्टिमीटरने मोजता येते. रेझिस्टर असलेल्या कॅपचा रोध सहसा ५ किलोओमच्या आसपास असतो. आकडा खूप चढला असेल किंवा मीटर काहीच दाखवत नसेल तर कॅप गेली. वायरचे टोक हिरवे-काळे पडले असेल तर अर्धा सेंटिमीटर कापून कॅप पुन्हा फिरवून बसवा. कॉइलपासून प्लगपर्यंत लांब हायटेन्शन वायरी असलेल्या गाडीत अंधारात बॉनेट उघडून, वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारून बघा. गळती असेल तिथे निळ्या ठिणग्या दिसतात. हात लांब ठेवा.

प्लग बाहेर काढून, हेडला (प्लग बसतो त्या इंजिनाच्या वरच्या भागाला) टेकवून ठिणगी बघण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. तिची मर्यादाही लक्षात असू द्या. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून गॅप ओलांडायला उघड्या हवेपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज लागते. बाहेर ठिणगी दिसली नाही तर दोष नक्की आहे. दिसली तर दोष नाही असे सिद्ध होत नाही. भारावरच मिसिंग करणारी गाडी या चाचणीत हमखास पास होते. चाचणी करायचीच तर प्लगचे अंग हेडला पक्के टेकलेले हवे, नाहीतर कॉइल किंवा ईसीयू जळू शकतो. इंधन बंद हवे आणि प्लगचे भोक उघडे नको, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते.

निवड: मॅन्युअल आधी, मत नंतर

प्लगवरचा कोड ही त्याची पूर्ण ओळख आहे. एनजीकेचा बीपीआर६ईएस-११ घ्या. बी म्हणजे आट्याचा व्यास १४ मिलिमीटर आणि पान्याचे तोंड २०.८ मिलिमीटर, पी म्हणजे इन्सुलेटर पुढे आलेला, आर म्हणजे रेझिस्टर, ६ ही हीट रेंज, ई म्हणजे आट्याची लांबी १९ मिलिमीटर, एस म्हणजे तांब्याच्या गाभ्याचा नेहमीचा इलेक्ट्रोड, ११ म्हणजे गॅप १.१ मिलिमीटर. पहिले अक्षर सी असेल तर आटा १० मिलिमीटर आणि पाना १६ चा, डी असेल तर १२ आणि १८ चा. एच म्हणजे लांबी १२.७ मिलिमीटर.

आट्याची लांबी चुकणे ही सगळ्यात घातक चूक, कारण प्लग हाताने अगदी व्यवस्थित बसतो. सीआर७एचएसए आणि सीआर८ई यांचा व्यास एकच, पाना एकच. पण पहिल्याचा आटा १२.७ मिलिमीटरचा आणि दुसऱ्याचा १९ चा. पहिल्याच्या जागी दुसरा लावला तर ६.३ मिलिमीटर जास्तीचे लोखंड सिलिंडरमध्ये शिरते. पिस्टन किंवा व्हॉल्व्ह आपटू शकतो. आपटला नाही तरी उघड्या आट्यांवर कार्बन चढतो आणि तो प्लग काढताना हेडचे आटे सोबत घेऊन येतो. उलट, लांबच्या जागी आखूड लावला तर ठिणगी खड्ड्यात पडते, मिश्रण नीट पेटत नाही आणि हेडचे रिकामे आटे कार्बनने भरतात. पुढच्या वेळी योग्य प्लग तिथे पूर्ण जातच नाही. जुना आणि नवा प्लग शेजारी उभे धरून आट्याची लांबी, बसकण (प्लग हेडवर टेकतो तो भाग) आणि टोकाची उंची डोळ्यांनी ताडून पाहा.

बसकण दोन प्रकारची असते: सपाट, वॉशरवाली, आणि उतरती, बिनवॉशरची. उतरत्या बसकणीच्या प्लगला वॉशर घालायचा नसतो आणि सपाट बसकणीचा प्लग वॉशरशिवाय लावायचा नसतो.

हीट रेंजचा ठिणगीच्या जोराशी काही संबंध नाही. टोकाची उष्णता प्लग किती वेगाने हेडमध्ये सोडतो, याचे ते माप आहे. थंड प्लग उष्णता पटकन सोडतो, गरम प्लग धरून ठेवतो. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये नेमके उलटे. एनजीकेचा ६ हा डेन्सोच्या २० च्या जवळपास, ७ हा २२ च्या आणि ८ हा २४ च्या. कंपनी बदलताना आकडे मनाने जुळवले की इथेच घोटाळा होतो. त्या कंपनीचा तक्ताच बघा. एका पायरीने टोकाचे तापमान साधारण ७० ते १०० अंशांनी बदलते. मूळ अवस्थेतल्या इंजिनाला मॅन्युअलमधलीच रेंज द्यावी. 'परफॉर्मन्ससाठी' दोन पायऱ्या थंड प्लग टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. टर्बोचा दाब किंवा कॉम्प्रेशन वाढवलेल्या इंजिनात त्याला अर्थ आहे. रोजच्या गाडीत त्याचा परिणाम म्हणजे काळा प्लग आणि सकाळचा स्टार्टिंग ट्रबल.

रेझिस्टर नसलेला प्लग स्वस्त मिळतो म्हणून इंजेक्शनच्या गाडीत लावू नका. ठिणगीतून निघणारा विद्युत गोंधळ सेन्सर आणि ईसीयूमध्ये शिरतो आणि मग असे दोष दिसू लागतात ज्यांचा प्लगशी संबंध कुणाला सुचत नाही. रेझिस्टरवाल्या प्लगच्या टर्मिनलपासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत मीटर सहसा ३ ते ७.५ किलोओम दाखवतो.

आता धातूचा प्रश्न. निकेलचा नेहमीचा प्लग साधारण २.५ मिलिमीटर जाड इलेक्ट्रोडचा असतो आणि त्याच्या कडा लवकर गोल होतात. ठिणगी तीक्ष्ण कडेवरून सहज सुटते, म्हणून कडा गोल झाल्या आणि गॅप वाढला की कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावे लागते. इरिडियम २४०० अंशांच्या वर वितळते, निकेल १४५५ ला. त्यामुळे इरिडियमचे टोक ०.४ ते ०.६ मिलिमीटर इतके बारीक ठेवता येते, ते कमी व्होल्टेजला ठिणगी देते आणि कैकपट टिकते. कारमध्ये निकेल प्लग ढोबळमानाने २० ते ३० हजार किलोमीटर आणि प्लॅटिनम-इरिडियम ६० हजार ते १ लाख. दुचाकीत सगळेच आकडे कमी. निकेलचा प्लग हा कमी प्रतीचा मानू नका. मॅन्युअल निकेल सांगत असेल आणि तो वेळेवर बदलला जात असेल तर काहीच उणे नाही. पण मॅन्युअलने इरिडियम किंवा दोन्ही बाजूंना प्लॅटिनम सांगितले असेल तर खाली उतरू नका. एका कॉइलवर दोन सिलिंडर चालणाऱ्या रचनेत एका प्लगमध्ये ठिणगी उलट्या दिशेने पडते आणि बाजूचा इलेक्ट्रोड झिजतो. एकाच बाजूला मौल्यवान धातू असलेला प्लग तिथे लवकर मरतो. तीन-चार टोकांच्या प्लगमध्येही एका वेळी ठिणगी एकाच टोकावर पडते. फायदा आयुष्यात मिळतो, ताकदीत नाही.

सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या इंजिनाला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागते. पेट्रोलवर सुरळीत आणि गॅसवर झटके, ही वाढलेल्या गॅपची किंवा थकलेल्या कॉइलची खूण आहे. किट बनवणाऱ्याने दिलेला, पेट्रोलपेक्षा कमी असलेला गॅप ठेवा.

बनावट प्लग बाजारात भरपूर आहेत. छपाई पुसट किंवा वाकडी, बाजूचा इलेक्ट्रोड मधल्याच्या बरोबर वर नाही, आटे खरखरीत, वॉशर उलटा करताच गळून पडतो, चार प्लगचा रोध चार तऱ्हेचा: यातले काहीही दिसले तर तो प्लग लावू नका.

बसवताना

इंजिन पूर्ण थंड हवे. ॲल्युमिनियमचे हेड गरम असताना त्याचे आटे सहज ओरबाडले जातात. कॉइल किंवा कॅप काढा, वायर धरून ओढू नका, बूट फिरवून सैल करा. विहिरीत साचलेली माती दाबाच्या हवेने उडवा आणि मगच प्लग सैल करा. आधी सैल केला तर सगळी वाळू सिलिंडरमध्ये.

प्लग अडकून बसला असेल तर जोर लावू नका. पाव फेरा सैल करा, पेनेट्रेटिंग ऑइल सोडा, थांबा, पुन्हा थोडा आवळा, पुन्हा सैल करा. करकर आवाज येत राहिला तर हेच करत राहा. जुना वॉशर प्लगसोबत बाहेर आला का ते पाहा. आतच राहिला आणि त्यावर नवा वॉशर बसला तर बसकण बिघडते.

नव्या प्लगचा गॅप मोजा, 'कंपनीतून लावून आलेला आहे' असे म्हटले तरी. वाटेत एकदा पडला की तो बदलतो. तारेचा गेज वापरा. नाण्याच्या आकाराचे उताराचे गेज दोन इलेक्ट्रोडमध्ये घुसवून फिरवले तर इरिडियमचे बारीक टोक तुटते. वाकवायचा तो फक्त बाजूचा इलेक्ट्रोड. दुचाकीत गॅप बहुधा ०.६ ते ०.९ आणि कारमध्ये ०.८ ते १.१ मिलिमीटर असतो. नेमका आकडा मॅन्युअलचा. टर्मिनलवरची पेचाची टोपी असेल तर ती पक्कडीने पक्की करा. सैल टोपीखाली ठिणग्या उडून बूट जळतो. हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरू नका, आतला तडा बाहेरून दिसत नाही.

खोल विहिरीत प्लग टाकून देऊ नका. रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या वरच्या टोकाला लावा आणि नळीनेच फिरवा. आटा तिरका लागला तर नळी घसरते आणि नुकसान टळते. पान्याने तो तसाच आत घुसवला जातो. आधी उलटा हळूच फिरवा, आटे एकमेकांत बसल्याचा बारीक धक्का जाणवला की सुलटा फिरवा. बसकण टेकेपर्यंत हाताने जायला हवा.

आट्यांना तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे ग्रीस लावू नका, निर्मात्याने सांगितले असेल तेवढे सोडून. आजच्या बहुतेक प्लगच्या आट्यांवर गंजरोधक मुलामा असतो. ग्रीसमुळे आटे घसरतात, टॉर्क पाना तोच आकडा दाखवतो आणि प्रत्यक्षात प्लग सुमारे तीस टक्के जास्त ताणला जातो.

टॉर्क मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. तो नसेल तर ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये वॉशरवाल्या प्लगसाठी १० मिलिमीटर आट्याला १० ते १२ न्यूटन-मीटर, १२ ला १५ ते २०, १४ ला २५ ते ३०, आणि उतरत्या बसकणीच्या १४ च्या प्लगला १० ते २०. टॉर्क पाना नसेल तर हाताने टेकल्यानंतर नव्या वॉशरचा १४ चा प्लग अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा आवळा, १० चा अर्ध्या फेऱ्याच्या आसपास. तोच प्लग पुन्हा लावत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असतो, त्याला फक्त एक-बारांश फेरा. उतरत्या बसकणीला एक-सोळांश. डब्यावर कोन छापलेला असेल तर तो धरा. पाना सरळ उभा ठेवा. तिरप्या पान्याने इन्सुलेटर तडकतो आणि ते मिसिंग पावसात आधी दिसते.

सैल प्लगकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण गाडी चालू होते. पण टोकाची बहुतांश उष्णता आटे आणि वॉशरमधूनच हेडमध्ये जाते. प्लग सैल राहिला तर ती वाट बंद होते आणि योग्य रेंजचा प्लगही जळतो. टोक पांढरे, फोड आलेले आणि वॉशर जवळजवळ न चेपलेला, असे एकत्र दिसले तर मिश्रण तपासण्याआधी टॉर्ककडे बघा.

बुटाच्या आत कडेला डायलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या, इलेक्ट्रोडच्या टोकाला किंवा आट्यांना नाही. बूट 'टक' करून बसला पाहिजे. कॉइलचा बोल्ट बेताने आवळा, त्याखालचे प्लास्टिक आणि आटे दोन्ही नाजूक असतात.

बसवल्यावर

गाडी लगेच थरथरली तर बहुतेक वेळा कॅप पूर्ण बसलेली नाही, कॉइलचे कनेक्टर लॉक झालेले नाही किंवा दोन हायटेन्शन वायरींची अदलाबदल झाली आहे. टकटक किंवा फुसफुस असा, वेगासोबत वाढणारा आवाज प्लगच्या बाजूने आला तर प्लग सैल आहे. गाडी थांबवून, थंड करून टॉर्क तपासा.

मूळ दोष सापडून दुरुस्त झाला की नाही, हे सुरुवातीच्या दिवसांतल्या चालण्यावरून कळत नाही, कारण कोरा प्लग तेवढे चालतोच. तीनशे ते पाचशे किलोमीटर झाल्यावर पूर्वी खराब होणाऱ्या सिलिंडरचा प्लग काढून पाहा. इन्सुलेटर फिकट राहिला असेल तर काम झाले. पुन्हा काळा पडू लागला असेल तर मिसिंग सुरू व्हायची वाट न बघता मिश्रण, कॉइल, कॉम्प्रेशन या क्रमाने शोध पुढे न्या. काळा पडलेला इरिडियम किंवा प्लॅटिनमचा प्लग तारेच्या ब्रशने घासू नका. बारीक टोक खराब होते आणि ब्रशचे धातूचे कण इन्सुलेटरवर राहून विजेला नवी वाट करून देतात.